लघुग्रह शोधणाऱ्या कॅरोलिन शूमेकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खगोलशास्त्रज्ञ म्हटले की रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेली व्यक्ती आपल्या नजरेसमोर येते. लघुग्रह शोधणाऱ्यांच्या बाबतीत हे चित्र फारच अपुरे आहे. त्यांचा बराचसा शोध दिवसाउजेडी, टेबलावर वाकून, ठिपक्यांच्या गर्दीत लागतो, आणि सापडलेला ठिपका खरा ठरण्यासाठी पुढे कित्येक वर्षांचा हिशेब ठेवावा लागतो. अमेरिकेच्या कॅरोलिन शूमेकर यांचे आयुष्य हे या कामाचे उत्तम उदाहरण असल्यामुळे वाचक नेहमी विचारत असलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याच अनुषंगाने येथे दिली आहेत.

कॅरोलिन शूमेकर कोण होत्या?

कॅरोलिन यांचा जन्म २४ जून १९२९ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या गॅलप या गावी झाला आणि बालपण कॅलिफोर्नियातील चिको येथे गेले. महाविद्यालयात त्यांनी इतिहास आणि राज्यशास्त्र हे विषय घेतले. १९५० मध्ये भावाच्या लग्नात त्यांची ओळख यूजीन शूमेकर यांच्याशी झाली. यूजीन हे भावाचे मित्र आणि कॅल्टेकमध्ये त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेले भूशास्त्राचे विद्यार्थी होते. १९५१ मध्ये दोघांचा विवाह झाला. कॅरोलिन यांनी काही काळ शाळेत सातवीच्या वर्गाला शिकवले, पण ते काम त्यांच्या मनाला रुचले नाही. त्यानंतरची सुमारे तीन दशके तीन मुलांचे संगोपन, घर आणि पतीच्या संशोधनमोहिमा यांत गेली. अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ हे त्यांच्या कुटुंबाचे कायमचे गाव झाले आणि तेथेच १३ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विज्ञानाची पदवी नसताना त्या खगोलशास्त्रात कशा आल्या?

मुले मोठी होऊन घराबाहेर पडली, तेव्हा कॅरोलिन पन्नाशीत होत्या. काहीतरी काम हवे असे त्यांना वाटू लागले आणि यूजीन यांनी आपल्या लघुग्रहशोधाच्या प्रकल्पात त्यांना बोलावले. १९८० मध्ये त्यांनी पालोमार वेधशाळेत आकाशाची छायाचित्रे टिपलेल्या फिल्म तपासायला सुरुवात केली. पुढे त्या नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठात संशोधन प्राध्यापक झाल्या आणि १९९३ पासून लॉवेल वेधशाळेत काम करू लागल्या.

ही गोष्ट सांगताना 'घर सांभाळणारी बाई पन्नाशीनंतर अचानक शास्त्रज्ञ झाली' असा सूर बहुतेक जण लावतात. मला तो सूर पटत नाही. ज्या भूशास्त्राचा एक अभ्यासक्रम त्यांना महाविद्यालयात कंटाळवाणा वाटला होता, तेच भूशास्त्र लग्नानंतर पतीबरोबर वाळवंटात, डोंगरकपारींत आणि विवरांच्या काठावर हिंडताना त्यांना आवडू लागले होते. नकाशा वाचणे, नोंदी नेटक्या ठेवणे, हवे ते दिसेपर्यंत न कंटाळता पाहत राहणे, ही सवय तीस वर्षे अंगवळणी पडलेली होती. त्यांना विज्ञानाची पदवी नव्हती हे खरे आहे, पण त्या कोऱ्या पाटीने आल्या हे खरे नाही.

आणखी एक बाब येथे नोंदवायला हवी. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पालोमारच्या दुर्बिणींवर स्त्रियांना स्वतःच्या नावाने निरीक्षणाची वेळ मिळत नसे. १९६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनी ती प्रथा मोडली. कॅरोलिन १९५० च्या दशकातच या क्षेत्रात आल्या असत्या, तर त्यांना तेथे दुर्बिणीपाशी उभे राहू दिले गेले असते का, हा प्रश्न वयाच्या प्रश्नापेक्षा अधिक विचारण्याजोगा आहे.

भूशास्त्रज्ञाला लघुग्रह कशाला हवेत?

यूजीन शूमेकर यांचा मूळ विषय होता आघातविवरे, म्हणजे आकाशातून आलेला दगड आदळून जमिनीला पडलेले खड्डे. अ‍ॅरिझोनातील सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे प्रसिद्ध विवर ज्वालामुखीने झाले की आघाताने, यावर बरीच दशके वाद चालला होता. यूजीन यांनी नेवाडातील अणुचाचण्यांच्या खड्ड्यांशी त्याच्या थरांची तुलना केली, आणि १९६० मध्ये एडवर्ड चाओ यांच्यासह तेथे कोएसाइट हे खनिज असल्याचे दाखवून दिले. क्वार्ट्‌झवर प्रचंड दाब पडल्याखेरीज हे खनिज बनत नाही, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर असा दाब अचानक येण्याचे नैसर्गिक कारण आघात हेच असते.

मराठी वाचकाला यासाठी अ‍ॅरिझोनापर्यंत जाण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आघातविवर आहे. तेही पूर्वी ज्वालामुखीचे मानले जात असे. १९७३ मध्ये तेथील खडकांत आघाताच्या खुणा सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि तो प्रश्न बराचसा मिटला. चंद्रावरची अनेक विवरेही बेसाल्टात पडलेली असल्यामुळे लोणारचे महत्त्व जगभरच्या अभ्यासकांना वाटते.

खड्डे दिसत असतील, तर ते पाडणारे दगड अजूनही अवकाशात फिरत असले पाहिजेत. ते किती आहेत, केवढे आहेत आणि कोणत्या कक्षेत आहेत, हे मोजल्याशिवाय पृथ्वीवर दर किती वर्षांनी केवढा आघात होतो ते सांगता येणार नव्हते. म्हणून यूजीन यांनी खगोलशास्त्रज्ञ एलिनॉर हेलिन यांच्या साथीने १९७३ मध्ये पालोमारवर शोध सुरू केला. कॅरोलिन त्यात आल्या त्या १९८० मध्ये, आणि पुढे शूमेकर दांपत्याने स्वतंत्र सर्वेक्षण चालवले.

लघुग्रह आणि धूमकेतू यांत नेमका फरक काय?

ढोबळ मानाने लघुग्रह हे खडकाचे किंवा धातूचे असतात आणि त्यांतील बहुतेक मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान फिरतात. धूमकेतूत बर्फ व धूळ असते. सूर्याजवळ आल्यावर बर्फाची वाफ होऊन त्याच्याभोवती धूसर आवरण आणि पुष्कळदा शेपूट तयार होते, आणि जुन्या लोकांनी त्याला शेंडेनक्षत्र म्हटले ते त्यामुळेच. फिल्मवर लघुग्रह टोकदार ठिपका किंवा बारीक रेघ म्हणून दिसतो, तर धूमकेतू बोटाने पुसल्यासारखा दिसतो.

पालोमारवरची एक रात्र कशी असे?

कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर, सुमारे १,७०० मीटर उंचीवर, जगप्रसिद्ध २०० इंची हेल दुर्बीण आहे. शूमेकर दांपत्य वापरत असे ती मात्र त्याच डोंगरावरची सर्वांत लहानखुरी, १९३६ पासूनची १८ इंची श्मिट दुर्बीण. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा चिमूटभर तुकडा खोलवर दिसतो. श्मिट दुर्बिणीला त्या मानाने खूप विस्तीर्ण पट्टा, म्हणजे सुमारे आठ अंश रुंदीचा, एका दमात टिपता येतो. कुठे आहे तेच माहीत नसलेली वस्तू शोधायची असेल, तर दुसरीच उपयोगाची.

दर महिन्याला अमावास्येच्या आसपासचे सुमारे आठवडाभर काम चाले, कारण चांदण्यात अंधूक ठिपके बुडून जातात. फ्लॅगस्टाफहून पालोमारपर्यंतचा कित्येक तासांचा प्रवास मोटारीने होई. फिल्म गोल कापलेल्या, सुमारे सहा इंच व्यासाच्या असत. श्मिट दुर्बिणीत प्रतिमा सपाट पृष्ठावर न पडता किंचित फुगीर पृष्ठावर पडते, म्हणून फिल्म धारकात तशी बाक देऊन, अंधारात हाताने चाचपत बसवावी लागे. त्याआधी ती हायड्रोजनमिश्रित नायट्रोजनमध्ये ठेवून भट्टीत मंद तापवली जाई. त्यामुळे तिची संवेदनक्षमता वाढे आणि कमी वेळात अंधूक तारे उमटत.

एक जण दुर्बिणीला जोडलेल्या लहान मार्गदर्शक दुर्बिणीतून एक तारा उभ्या-आडव्या तारांच्या छेदावर धरून ठेवी आणि दुसरा फिल्म बदलून अंधाऱ्या खोलीत धुण्याची तयारी करी. आकाशाचे ठरावीक भाग एकापाठोपाठ टिपायचे आणि सुमारे पाऊण तासाने तेच भाग त्याच क्रमाने पुन्हा टिपायचे, असा रात्रभराचा परिपाठ असे. घुमटाचे दार उघडे असल्यामुळे आत बाहेरइतकीच थंडी असते, हे वेधशाळेत रात्र काढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. १९८९ पासून डेव्हिड लेव्ही हे हौशी धूमकेतुशोधक या चमूत आले. हेन्री होल्ट हेही त्यांचे एक सहकारी होते.

फिल्मवरच्या हजारो ताऱ्यांतून एक लघुग्रह कसा ओळखला जाई?

हीच कॅरोलिन यांची खरी करामत, आणि तिच्यासाठी या उत्तराला थोडी जास्त जागा द्यावी लागेल.

तारे पाऊण तासात एकमेकांच्या संदर्भात हलत नाहीत, लघुग्रह हलतो. मात्र किती हलतो ते पाहा. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातला, सूर्याच्या विरुद्ध दिशेला असलेला सामान्य लघुग्रह पाऊण तासात साधारण अर्धी कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या सुमारे साठाव्या भागाएवढा. १८ इंची श्मिट दुर्बिणीच्या फिल्मवर हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढे भरते. हजारो ठिपक्यांत एका ठिपक्याची एवढीशी हालचाल नुसत्या नजरेने, एक फिल्म पाहून मग दुसरी पाहून, पकडणे जवळजवळ अशक्य आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक. पहिली फिल्म एका डोळ्यापुढे आणि दुसरी दुसऱ्या डोळ्यापुढे, अशा दोन्ही शेजारी ठेवायच्या. लहानपणी व्ह्यू-मास्टर पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. दोन्ही डोळ्यांना थोडी वेगळी चित्रे दिसली, की मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो. दोन्ही फिल्मवर तारे जागच्या जागी असल्यामुळे ते सगळे एका सपाट पडद्यावर जडवल्यासारखे दिसतात. जो ठिपका मधल्या काळात डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने सरकला असेल, तो मात्र त्या पडद्यापासून सुटतो, आणि सरकण्याच्या दिशेप्रमाणे ताऱ्यांच्या वर तरंगताना किंवा खाली बुडालेला दिसतो. धुळीचा कण एकाच फिल्मवर असतो, त्यामुळे तो एकाच डोळ्याला दिसतो आणि डोळ्याला खुपत राहतो. सराव झाला की तो लगेच ओळखू येतो.

कॅरोलिन फिल्मचा एकेक पट्टा, आपण शेतात ओळीने तण काढतो तसा, न चुकता पाहत जात. बहुतेक ओळींत काहीच नसे, किंवा आधीच माहीत असलेले लघुग्रह असत. खोलीची जाण सर्वांनाच सारखी नसते, आणि त्यांची ती विलक्षण होती असे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांचे मत होते. पण जाण तीक्ष्ण असणे आणि ती तासन्‌तास न थकता वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरी अधिक दुर्मीळ वाटते.

ठिपका दिसला म्हणजे शोध लागला का?

नाही, त्याला अजून बराच अवकाश असतो. एका रात्रीच्या दोन स्थानांवरून कक्षा निघत नाही. त्या ठिपक्याची जागा आसपासच्या ताऱ्यांच्या संदर्भात अचूक मोजून ती मायनर प्लॅनेट सेंटरकडे पाठवावी लागते. मॅसॅच्युसेट्‌समधील केंब्रिज येथे असलेल्या या केंद्राची धुरा त्या काळात ब्रायन मार्सडेन यांच्याकडे होती. दुसऱ्या रात्रीची निरीक्षणे आली आणि तो ठिपका आधी कोणाला सापडलेला नाही असे दिसले, की त्याला तात्पुरते नाव मिळते.

या तात्पुरत्या नावाची रचना मजेशीर आहे. कॅरोलिन व यूजीन यांनी मे १९८४ च्या अखेरीस शोधलेला लघुग्रह '१९८४ केडी' म्हणून नोंदला गेला. वर्षाचे चोवीस पंधरवडे करून प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर दिलेले असते, त्यांत 'आय' वगळतात. 'के' म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा आणि 'डी' म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला चौथा. पुढील काही वर्षांत तो पुनःपुन्हा दिसून त्याची कक्षा पक्की झाली, तेव्हा त्याला ३६७१ हा कायमचा क्रमांक आणि डायोनायसस हे नाव मिळाले. हा लघुग्रह पृथ्वीच्या कक्षेजवळून जातो आणि त्याला स्वतःचा एक छोटा उपग्रहही आहे, हे नंतर कळले.

त्यांनी एकूण किती लघुग्रह शोधले? आकडे वेगवेगळे का आढळतात?

धूमकेतूंचा आकडा निर्विवाद आहे: ३२. पहिला १९८३ मध्ये सापडला. एकाच व्यक्तीच्या नावावर इतके धूमकेतू असण्याचा हा विक्रम होता, जो पुढे मोडला गेला.

लघुग्रहांबाबत ३७७, पाचशेहून अधिक, आठशेहून अधिक असे निरनिराळे आकडे वाचायला मिळतात. पहिला आकडा मायनर प्लॅनेट सेंटरच्या, कायमचा क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांच्या यादीतला आहे आणि त्यात इतरांबरोबर मिळून लागलेले शोधही धरले आहेत. कक्षा पक्की झाल्याखेरीज शोधाचे श्रेय अधिकृतपणे मिळत नाही. एखादा ठिपका दोन रात्री दिसून हरवला, तर तो हिशेबात येत नाही, आणि काही वर्षांनी दुसऱ्या कोणाला सापडून त्याची कक्षा निघाली, तर श्रेय कोणाला द्यायचे त्याचेही नियम आहेत. त्यामुळे 'शोधले' या शब्दाचा कोण काय अर्थ घेतो यावर आकडा बदलतो. मला स्वतःला क्रमांकित यादी अधिक विश्वासार्ह वाटते.

या यादीत पृथ्वीजवळून जाणारे पॅन आणि पोसायडन आहेत, तसेच गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे राहणारे अनेक 'ट्रोजन' लघुग्रहही आहेत.

लघुग्रहांना नावे कोण देते? पैसे देऊन नाव देता येते का?

पैसे देऊन येत नाही. तशी जाहिरात कोणी केली, तर ती केवळ कागदाची विक्री समजावी. कायमचा क्रमांक मिळाल्यावर शोधकर्त्याला दहा वर्षांपर्यंत नाव सुचवण्याचा अधिकार असतो, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती ते मान्य करते. नाव सोळा अक्षरांहून लांब नसावे, आणि राजकारण किंवा युद्धामुळे प्रसिद्ध झालेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे उलटल्याखेरीज देता येत नाही. पाळीव प्राण्यांच्या नावांना समिती नाक मुरडते. पृथ्वीजवळून जाणाऱ्यांना पुराणकथांतील नावे देण्याची प्रथा आहे, म्हणूनच एलिनॉर हेलिन यांनी १९८६ मध्ये पालोमारवर शोधलेल्या एकाचे नाव विष्णू असे आहे.

भारताशी नाते सांगणारी आणखीही नावे आहेत. १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून लागलेला तो पहिलाच शोध म्हणून त्याचे नाव 'एशिया' ठेवण्यात आले. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रतींचे जे गणित आज सर्वत्र वापरतात, ते याच पॉगसन यांचे. पुढे १९८८ मध्ये तमिळनाडूतील कावलूर येथून आर. राजमोहन यांना सापडलेल्या लघुग्रहाला रामानुजन हे नाव मिळाले. मुंबईत वास्तव्य असलेल्या पंडित जसराज यांचे नाव २०१९ मध्ये ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला दिले गेले. या क्रमांकातल्या दोन-दोन अंकांच्या जोड्या उलट्या क्रमाने वाचल्या की पंडितजींची जन्मतारीख, २८ जानेवारी १९३०, निघते.

शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू कसा सापडला?

२३ मार्च १९९३ ची रात्र. पालोमारवर ढगांची ये-जा होती, आणि त्याआधी कोणीतरी फिल्मचा डबा उजेडात उघडल्यामुळे त्यातल्या फिल्म कडेने काळवंडल्या होत्या. चांगली फिल्म ढगाळ रात्री वाया घालवण्याइतका पैसा प्रकल्पाकडे नव्हता. शेवटी लेव्ही यांच्या आग्रहाने त्या खराब झालेल्या फिल्मच वापरायचे ठरले, कारण त्यांचा मधला भाग बरा होता. टिपलेल्या भागांपैकी एक गुरूच्या जवळचा होता.

नंतर दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली ही जोडी पाहताना कॅरोलिन एका जागी थांबल्या. तेथे धूमकेतूसारखे काहीतरी होते, पण गोल नव्हते. लांबट, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखी एक पट्टी आणि तिच्यापासून निघालेल्या शेपट्या, असे ते दिसत होते. चेपलेला धूमकेतू, असेच वर्णन त्यांनी तेव्हा केले. गुरूचा उजेड दुर्बिणीत परावर्तित होऊन असे भास होतात, म्हणून खात्री करणे आवश्यक होते. अ‍ॅरिझोनातील किट पीक वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ जिम स्कॉटी यांना फोन गेला. तो परावर्तनाचाच प्रकार असावा असे त्यांनाही सुरुवातीला वाटले. पण दुर्बीण तिकडे वळवल्यावर त्यांना एका ओळीत अनेक केंद्रके असलेला धूमकेतू दिसला.

या शोधकांच्या नावाने नोंदलेला, थोड्या वर्षांत सूर्याभोवती फेरी पूर्ण करणाऱ्या गटातला तो नववा, म्हणून नावात '९'. हा धूमकेतू सूर्याभोवती नव्हे, तर गुरूभोवतीच फिरत होता, हे मात्र पुढे कळले. जुलै १९९२ मध्ये तो गुरूच्या इतक्या जवळून गेला होता, की गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचे तुकडे झाले होते. मे १९९३ मध्ये मार्सडेन यांनी जाहीर केले की हे तुकडे पुढच्या वर्षी जुलैमध्ये गुरूवर आदळण्याची शक्यता आहे.

त्या आघातातून काय कळले?

१६ ते २२ जुलै १९९४ या काळात वीसहून अधिक तुकडे सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात घुसले. आघाताची जागा पृथ्वीवरून दिसणाऱ्या कडेच्या किंचित पलीकडे होती. त्यामुळे प्रत्यक्ष आघात गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाला दिसले आणि आपल्याला काही मिनिटांनी, गुरू फिरून ती जागा समोर आल्यावर, त्यांचे डाग दिसले. 'जी' या तुकड्याने पाडलेला काळा डाग पृथ्वीच्या व्यासाएवढा होता. हौशी निरीक्षकांच्या लहान दुर्बिणींतूनही हे डाग सहज दिसत होते.

आघातापूर्वी अनेक तज्ज्ञांचा अंदाज होता की काहीच दिसणार नाही. त्यामुळे पहिल्या तुकड्यानंतर हबल दुर्बिणीचे चित्र घेऊन खगोलशास्त्रज्ञ हैदी हॅमेल बाल्टिमोर येथील पत्रकार परिषदेत आल्या, तेव्हा तेथे बसलेल्या शूमेकर दांपत्याला आणि लेव्ही यांना हायसे वाटले असणार. यूजीन आयुष्यभर सांगत होते की आघात ही ग्रहांच्या इतिहासातली आजही चालू असलेली प्रक्रिया आहे, आणि आता ती सगळ्या जगाला दूरचित्रवाणीवर दिसत होती. यानंतर धोकादायक लघुग्रहांच्या शोधाकडे सरकारी पैसा वळला. १९९८ मध्ये नासाने एक किलोमीटरहून मोठ्या आणि पृथ्वीजवळून जाणाऱ्या वस्तूंपैकी ९० टक्के दहा वर्षांत शोधण्याचे उद्दिष्ट ठरवले.

यूजीन यांच्या मृत्यूनंतर कॅरोलिन यांनी काम सोडले का?

सोडले नाही. शूमेकर दांपत्य ऑस्ट्रेलियातील आघातविवरांचा अभ्यास करण्यासाठी बऱ्याच वर्षांपासून तेथे जात असे. १८ जुलै १९९७ रोजी अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला एका कच्च्या रस्त्यावर त्यांच्या गाडीची समोरून येणाऱ्या वाहनाशी टक्कर झाली. यूजीन जागीच गेले आणि कॅरोलिन गंभीर जखमी झाल्या. यूजीन यांना चंद्रावर जायचे होते, पण अ‍ॅडिसनच्या आजारामुळे त्यांना अंतराळवीर होता आले नव्हते. त्यांच्या अस्थींचा थोडा भाग जानेवारी १९९८ मध्ये निघालेल्या लूनर प्रॉस्पेक्टर यानातून पाठवण्यात आला. ३१ जुलै १९९९ रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवण्यात आले. कॅरोलिन बऱ्या झाल्यावर लॉवेल वेधशाळेतील कामाकडे परतल्या.

आज कोणी अशा प्रकारे फिल्म पाहून लघुग्रह शोधते का?

नाही. १९९० च्या दशकातच फिल्मची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतली आणि डोळ्यांची जागा संगणकाने. अ‍ॅरिझोनातील कॅटालिना सर्वेक्षण आणि हवाईतील पॅन-स्टार्स दर रात्री अनेक नवे ठिपके नोंदवतात. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांतून २,१०४ नवे लघुग्रह मिळाले होते. कॅरोलिन यांच्या वर्षानुवर्षांच्या कामाशी हा आकडा ताडून पाहण्याचा मोह होतो, पण ती तुलना योग्य नाही. संगणकाला काय शोधायचे ते शिकवता आले, ते आधीच्या पिढीने डोळ्यांनी शोधलेल्या कक्षांमुळे.

महाराष्ट्रातून या कामात भाग घेता येईल का?

येईल. व्यावसायिक दुर्बिणींनी घेतलेल्या चित्रांचे संच शाळा-महाविद्यालयांच्या गटांना तपासायला देणारी आंतरराष्ट्रीय मोहीम चालू असते, आणि भारतातील अनेक विद्यार्थी त्यात भाग घेतात. तीत 'अ‍ॅस्ट्रोमेट्रिका' या संगणकप्रणालीवर एकाच जागेची चार चित्रे एकामागोमाग लुकलुकवून हलणारा ठिपका शोधायचा असतो. मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून लडाखमधील हानले येथे ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण चालवतात, आणि ती पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा पाठपुरावाही करते. पाठपुराव्याला बातमीत जागा मिळत नाही, पण त्याविना शोध हरवतो, हे वर आलेच आहे. प्रत्यक्ष आकाश ओळखण्याची सुरुवात करायची असेल, तर १९४४ पासून पुण्यात चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळात जाणे उत्तम. 'माझा लघुग्रह' मिळाल्याचे प्रमाणपत्र हाती आले, तरी कायमचा क्रमांक मिळेपर्यंत पेढे वाटायची घाई करू नये.

कॅरोलिन यांच्या नावाचा लघुग्रह आहे का, आणि तो कुठे आहे?

आहे. ४४४६ क्रमांकाचा 'कॅरोलिन' एडवर्ड बोवेल यांनी १९८५ मध्ये फ्लॅगस्टाफजवळच्या अँडरसन मेसा येथून शोधला. हा काळसर लघुग्रह हिल्डा गटातला, म्हणजे मुख्य पट्ट्याच्या अगदी बाहेरच्या कडेचा आहे. यूजीन यांच्या नावाचा २०७४ क्रमांकाचा 'शूमेकर' पट्ट्याच्या आतल्या, मंगळाकडच्या बाजूला फिरतो. हिल्डा गटातले लघुग्रह गुरूच्या दोन फेऱ्यांच्या काळात स्वतःच्या तीन फेऱ्या पूर्ण करतात. या ठरलेल्या तालामुळे ते गुरूच्या बाजूला जातात तेव्हा गुरू तेथे नसतो, आणि शूमेकर-लेव्ही ९ वर जी वेळ आली ती 'कॅरोलिन'वर येत नाही.